फरा, धूर आणि दहा तास: घरी पोर्क स्मोक करायचं म्हणजे नक्की काय करायचं

आपल्याकडं कुणी बार्बेक्यू केला म्हणलं की डोळ्यासमोर काय येतंय, तर लोखंडी शेगडी, लालबुंद कोळसा, सळईला टोचलेले तुकडे आणि एकजण पुठ्ठ्यानं वारा घालतोय. वीस मिनिटांत खेळ खल्लास. लागतंय भारी, त्यात वादच नाही, पण त्याला खरं तर ग्रिलिंग म्हणतात. अमेरिकेत, त्यातही दक्षिणेकडच्या राज्यांत, बार्बेक्यू म्हणजे बरोब्बर उलटं काम असतंय: आग लांब, आच मंद, झाकण बंद, आणि मांस आठ-दहा तास धुरात बसलेलं. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आगीवर उंच बांधलेल्या लाकडी माचाला ते जे म्हणायचे त्याचं स्पॅनिश लोकांनी बार्बाकोआ केलं आणि तिथनं पुढं बार्बेक्यू झालं. म्हणजे शब्दातच माच आहे, मांस आगीच्या वर, लांब.

आता पोर्कच का आणि एवढा वेळ का, हे आधी समजून घेऊ, कारण हे एकदा डोक्यात बसलं की रेसिपी पाठ करायची गरजच राहत नाही.

मटणाच्या दुकानात आपण फरा, चाप, मांडी, गर्दन असं मागतो तसंच डुकराचंही आहे. चापेकडचा भाग मऊ, चरबी कमी, तो झटपट भाजायचा, जास्त वेळ ठेवला तर लाकूड होतोय. फरा म्हणजे पुढचा खांदा मात्र जनावर आयुष्यभर वापरतं, त्यामुळं त्यात चिवट पांढरे पडदे आणि शिरा खच्चून भरलेल्या असतात, त्या सगळ्या कोलॅजेनच्या. हे कोलॅजेन साधारण ७० अंशांच्या पुढं हळूहळू वितळून जिलेटिन व्हायला लागतंय, आणि "हळूहळू" हा शब्द इथं महत्त्वाचा. पाया सूप आठवा. रात्रभर मंद आचेवर ठेवलेलं पाया सूप पिल्यावर ओठ एकमेकाला चिकटतात, ते चिकटणं म्हणजेच जिलेटिन. फऱ्यात तेच घडतंय, फक्त पाण्याशिवाय, मांसाच्या आतल्या आत. म्हणून फरा ७० अंशाला खायला सुरक्षित असतोय पण चावला जात नाही, आणि ९३ ते ९५ अंशाला नेला की हाड हातानं ओढलं तरी स्वच्छ निघून येतंय आणि मांसाचे दोरे दोरे सुटतात. पुल्ड पोर्क म्हणतात ते हेच.

यासाठी स्मोकरच्या, म्हणजे धुरात मांस शिजवायच्या झाकणबंद भट्टीच्या किंवा ड्रमच्या आतली हवा १०७ ते १२० अंशांच्या दरम्यान ठेवायची. अडीच किलोचा फरा असेल तर आठ ते दहा तास धरा, बरगड्या पाच-सहा तासांत होतात. तास मात्र फक्त अंदाजासाठी, खरा निकाल थर्मामीटरचा. सुई खुपसायचा डिजिटल थर्मामीटर ऑनलाइन मिळतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की आधी तो घ्या, बाकी सगळी खरेदी नंतर.

आता या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात फसवी जागा सांगतो. पहिल्यांदा फरा लावला तेव्हा पहिले तीन-चार तास तापमान मस्त चढत गेलं, ४०, ५०, ६०, आणि मग ६८ च्या आसपास येऊन काटा जो थांबला तो तासभर हलेनाच, मी आपला दर दहा मिनिटांनी बघतोय, मला वाटलं कोळसा विझला, म्हणून वरनं दोन पाट्या कोळसा ओतला, आच भडकली, बाहेरनं सगळं करपलं आणि आत चिवटच राहिलं. अडीच किलो मांस आणि अख्खा रविवार गेला, फार वाईट वाटलं होतं. नंतर कळलं की याला स्टॉल म्हणतात आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत होतंच. कारण एकदम आपल्या घरातलं आहे: माठ. माठातनं पाणी झिरपतंय, बाहेर त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतली उष्णता घेऊन जातंय, म्हणून पाणी गार. मांसही गरम झालं की असंच घाम सोडतंय, त्या घामाची वाफ होते, आणि जेवढी उष्णता आपण देतोय तेवढीच वाफेबरोबर निघून जाते. काटा ६५ ते ७५ च्या मध्ये कुठंतरी अडकतोय. उपाय दोन. एक, काही करायचं नाही, पृष्ठभाग वाळला की काटा आपोआप पुढं सरकतोय. दोन, बाहेरचा रंग मनासारखा आला की फरा जाड फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचा, घामाची वाफ बाहेर जाऊ शकत नाही, तापमान पटापट चढतं. फॉइलनं बाहेरचा कडक काळा पापुद्रा, ज्याला बार्क म्हणतात, तो थोडा मऊ पडतो एवढंच. मी गुंडाळतो, कारण रात्रीचं जेवण रात्रीच झालं पाहिजे.

धूर. हा मात्र मसाल्यासारखा आहे, आणि मसाल्यासारखाच जास्त झाला की वाया. लाकूड नीट पेटलं, हवा मिळाली की त्यातनं पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर येतो, आणि लाकूड ओलं असेल किंवा हवा कोंडली असेल तर जाड पांढरा. सिनेमात बघून आपल्याला वाटतंय की पांढरे लोट म्हणजे जोरदार काम चाललंय. उलट आहे. लाकडातल्या लिग्निनपासून ग्वायकोल आणि सिरिंगोल नावाची द्रव्यं तयार होतात, धुराची जी चव आणि जो वास आपल्याला आवडतो तो यांचाच. अर्धवट जळलेल्या लाकडातनं मात्र काजळी आणि डांबरासारखा कडू थर मांसावर बसतो, जिभेला झिणझिण्या येतात आणि दोन घास खाल्ले की नको वाटतंय. शेतात नुकत्याच तोडलेल्या बाभळीची ओली फांदी टाकून मी हे एकदा केलंय, घरातल्या कुणीही दुसरा घास घेतला नाही. तेव्हापासून लाकूड निदान सहा महिने वाळलेलंच, आणि चिप्स पाण्यात भिजवायच्या वगैरे भानगडीत पडत नाही, भिजवलं की आधी नुसती वाफ येते.

तिकडं हिकरी, ओक, सफरचंदाचं लाकूड वापरतात. इथं ते महागडं पाकीट कशाला मागवायचं? वाळलेला आंबा उत्तम, धूर मध्यम आणि थोडा गोडसर. पेरू तर पोर्कसाठी माझा सगळ्यात लाडका, जुनी बाग काढताना कुणाकडंही मिळतो. बाभूळ कडक, थोडीच टाकायची. आणि रस्त्याकडेला जी वेडी बाभूळ माजलेली असते ना, ती टेक्सासमधल्या प्रसिद्ध मेस्किट झाडाची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली, आच जबरदस्त पण धूर उग्र, म्हणून ती कोळशासाठी चांगली. निलगिरी, पाइन असली तेलकट आणि चिकाची लाकडं नकोत, प्लायवूड, रंगवलेलं, पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड तर अजिबात नको. आणि कण्हेर चुकूनही नाही, ती विषारी आहे, तिची काडीसुद्धा आगीत जाऊ देऊ नका.

आपल्या धुंगारात आणि यात फरक काय असंही विचारतात. वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडून झाकण लावतो तो धूर तुपाचा, दोन-पाच मिनिटांचा, वरवर वास देतो. इथं धूर लाकडाचा, तासन् तास, आणि तो बसतो ओलसर, गार मांसावर सगळ्यात चांगला. म्हणून "आधी कुकरला चार शिट्ट्या काढू आणि मग धुरी देऊ" हा जो शॉर्टकट आहे तो उलट्या बाजूनं करा: आधी तीन-चार तास धूर, मग झाकणाच्या जाड भांड्यात किंवा ओव्हनमध्ये १३० अंशाला मऊ होईपर्यंत. कापल्यावर कडेला गुलाबी कड दिसते ती स्मोक रिंग, धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला धरतो म्हणून ती होते, आणि मांस एकदा शिजलं की होत नाही. दिसायला देखणी, चवीला तिचा काही संबंध नाही. पण ती गुलाबी कड बघून कुणी कच्चं राहिलं म्हणलं तर घाबरू नका.

सेटअपबद्दल. केटल ग्रिल, म्हणजे घुमटासारख्या झाकणाची गोल कोळशाची शेगडी असेल तर कोळशाच्या विटा कडेनं सापासारख्या दोन ओळींत अर्धगोल मांडायच्या, एका टोकाला सात-आठ पेटलेल्या ठेवायच्या, मध्ये मध्ये पेरूच्या लाकडाचे मुठीएवढे तुकडे, आणि मांस रिकाम्या बाजूला. साप एका टोकाकडनं हळूहळू जळत जातो, अगरबत्तीसारखा, सहा-सात तास हात लावावा लागत नाही. मांसाखाली पाण्याचं पसरट भांडं, म्हणजे गळणारी चरबी निखाऱ्यावर पडत नाही आणि तापमान स्थिर राहतं. आच कमी-जास्त करायची ती खालच्या हवेच्या झरोक्यानं, वरचा नेहमी उघडा, कारण वरचा बंद केला की धूर कोंडतो आणि परत तो पांढरा कडू प्रकार.

पण कोल्हापुरात राहून केटल विकतच कशाला घ्यायची हाही प्रश्न आहेच. उद्यमनगरात जाऊन दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाचा स्मोकर करून मागितला तर वेल्डिंगवाले एका दिवसात करून देतात, ज्या गावात फौंड्रीचं काम पिढ्यान् पिढ्या चाललंय तिथं तीन झरोके आणि एक बिजागरी म्हणजे काहीच नाही. माझा तसाच आहे. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. पिंपात आधी केमिकल नसावं, खाद्यतेलाचंच असावं, आतनं प्लास्टिकचं अस्तर नसावं, आणि तरीही पहिल्यांदा रिकाम्या पिंपात तास-दोन तास जोरात लाकूड पेटवून आतला सगळा रंग जाळून टाकायचा आणि घासून काढायचं. दुसरं, आतली जाळी जीआयची नको. जस्ताचा मुलामा फार तापला की त्याचा धूर घातक असतोय. साधं लोखंड किंवा स्टीलची जाळी घ्या. आणि हे सगळं उघड्यावर. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली चालेल, पण चारी बाजू मोकळ्या हव्यात. बंद गॅलरीत, गॅरेजमध्ये कोळसा पेटवून बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं माणसं जातात.

मांस कुठनं आणायचं हे मी मुद्दाम जरा सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडं पोर्क म्हणलं की निम्म्या लोकांच्या मनात जी भीती असते ती पूर्ण खोटी नाहीये. उकिरड्यावर, उघड्या गटारावर फिरणारी डुकरं माणसाची विष्ठा खातात आणि त्यातनं त्यांच्या मांसात फीतकृमीच्या गाठी तयार होतात. कच्च्या मांसात साबुदाण्याएवढे पांढुरके दाणे दिसले तर ते मांस घ्यायचं नाही, विषय संपला. असलं मांस अर्धकच्चं खाल्लं की पोटात फीतकृमी होतो, आणि त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी घाणेरड्या हातानं, पाण्यानं दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली की त्याच्या मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात, मग त्यानं जन्मात पोर्क खाल्लेलं नसलं तरी. म्हणून शेडमध्ये खाद्य देऊन पाळलेल्या फार्मचंच मांस, लायसन असलेल्या दुकानातनं किंवा चांगलं फ्रोजन. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती पुरेशी सांगितली, खिम्यासाठी ७१. मी आपल्याकडं चापसुद्धा ७१ पर्यंत नेतो, थोडी कोरडी झाली तर चालेल. फऱ्याची काळजीच नाही, तो ९५ ला जातोय. फक्त ड्रम सुरुवातीला फार गार ठेवू नका, पहिल्या चार तासांत मांसाचं आतलं तापमान ६० च्या पुढं गेलंच पाहिजे, कोमट मांस म्हणजे जंतूंची जत्रा.

मसाला लावायचा तर मीठ किलोला १२ ग्रॅम, आदल्या रात्री, उघडंच फ्रीजमध्ये. सकाळी गुळाची पावडर, मिरपूड, संकेश्वरी किंवा ब्याडगीचं तिखट, थोडी लसूण पावडर. तिकडं ब्राऊन शुगर लावतात, आपल्याकडं गूळ असताना ती मागवायचं कारण मला तरी दिसत नाही. आपली कांदा-लसूण चटणी मात्र सुरुवातीला लावू नका हो. मीही हौसेनं लावली होती, पण तिच्यात खोबरं, तीळ, भाजलेला कांदा असतो, आठ तासांत ते सगळं कडवट होतं. तिची जागा शेवटी, सॉसमध्ये.

आता वेगवेगळ्या पद्धती. नावं खूप आहेत पण बघितलं तर सगळ्यांचं गणित एकच: चरबीचा भाग, गावात मिळणारं लाकूड, आणि ती चरबी कापायला काहीतरी आंबट. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात आणि सॉस म्हणजे नुसतं व्हिनेगर, तिखटाचे कण, मीठ, मिरी. टोमॅटो औषधालाही नाही. त्याच राज्याच्या पश्चिमेकडं लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा घेतात आणि व्हिनेगरात थोडा केचप चालतो, आणि एवढ्यावरनं त्या लोकांची भांडणं चालतात, आपल्याकडं रश्शावरनं चालतात तशीच. साऊथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस. मेम्फिसला बरगड्या, त्याही बऱ्याचदा कोरड्या मसाल्याच्या, सॉस बाजूला. कॅन्सस सिटीला टोमॅटो आणि मोलॅसिसचा दाट गोड सॉस, आणि हा तर आपल्या हातचा मळ आहे: मोलॅसिसच्या जागी गुऱ्हाळावरची काकवी, टोमॅटोची प्युरी, व्हिनेगर, चमचाभर कांदा-लसूण चटणी, वीस मिनिटं आटवायचं. गोड सॉस मात्र शेवटच्या अर्ध्या तासातच लावायचा, आधी लावला की काळा पडतो. मला विचाराल तर पुल्ड पोर्कवर पूर्वेकडचा तो पातळ आंबट सॉसच खरा, चरबी खाताना दर घासाला तोंड साफ होतं, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर तर काय सांगू, वर कच्चा कांदा फोडून.

चीनमधल्या कॅन्टनचं चार स्यू वेगळं, त्यात धूर जवळजवळ नाहीच. नावाचा अर्थ काट्याला टांगून भाजलेलं. गर्दनेचे लांब पट्टे, सोया सॉस, साखर, पंचमसाला, लाल आंबवलेलं टोफू, मग गरम भट्टीत टांगून वरनं मधाचा हात. घरच्या ओटीजीत जाळीवर २०० अंशाला होतंय, मधाऐवजी काकवी लावली तर रंग अजून गडद. ज्याच्याकडं अंगण नाही त्यानं इथनं सुरुवात करावी. मेक्सिकोच्या युकातानचं कोचिनिता पिबिल शेंदरीच्या बिया आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात, रायगडकडची पोपटी माहीत असलेल्याला हे लगेच कळेल. जमैकाचं जर्क ऑलस्पाइसच्या झाडाच्याच लाकडावर.

आणि मग आपल्याच देशातलं, नागालँडचं. तिथं स्वयंपाकघरातल्या चुलीवर माच असतो आणि त्यावर पोर्कचे पट्टे दिवसेंदिवस टांगलेले, रोजच्या स्वयंपाकाच्या धुरात वाळत, काळे होत. नंतर ते आंबवलेलं सोयाबीन, बांबूचे कोंब, राजा मिरची घालून शिजवतात. बार्बेक्यू या शब्दातला तो माच तिथं आजही रोजच्या वापरात आहे. पण हे बघून आपल्या दमट जुलैत मांसाचे पट्टे पिंपात टांगून आठवड्यात दोनदा धूर द्यायला जाऊ नका. तिथं आग रोजची असते, हात सरावलेला असतो.

हाच मुद्दा बेकनचा, म्हणजे खारवून धुरावलेल्या पोर्कचा. पोटाकडचा चरबी-मांसाचा थर, किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम गूळ आणि अडीच ग्रॅम क्युरिंग सॉल्ट, सात दिवस फ्रीजमध्ये, मग आतनं ६५ अंश होईपर्यंत मंद धूर. क्युरिंग सॉल्टमध्ये ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, धुरात हवा कमी असताना वाढणाऱ्या बोटुलिझमच्या जंतूला ते रोखतं. ते वजनकाट्यावर मोजूनच घ्यायचं, चिमटीनं नाही, जास्त झालं तर विष आहे. आणि नीट वाचा: याला इंग्रजीत पिंक सॉल्ट म्हणतात, पण आपलं गुलाबी सैंधव मीठ म्हणजे हे नाही. सैंधव टाकून सात दिवस ठेवलं आणि गार धुरात टांगलं तर संरक्षण शून्य. नायट्राइट नको असेल तर बेकन करूच नका, फरा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये खारवलेलं, धुरावलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत गटात टाकलंय, तेव्हा हे सणावाराचं खाणं, रोजच्या न्याहारीचं नाही.

वेळेचं सांगतो. रात्री आठला पानं मांडायची तर सकाळी साडेसातला कोळसा पेटला पाहिजे. साडेआठला मांस आत, दुपारी दोन-अडीचला रंग बघून फॉइल, साडेपाच-सहाला ९५ अंश. मग लगेच फोडायचं नाही. फॉइलसकट जुन्या घोंगडीत गुंडाळून आइस बॉक्समध्ये, बर्फाशिवाय अर्थातच, दीड तास. तेवढ्यात रस परत मांसात मुरतो, आणि उघडलं तरी हात भाजेल एवढं गरम असतं. अडीच किलोचं दीड किलोच्या आसपास उरतं, पाहुणे मोजताना हे धरा. पाहुण्यांना काय आहे ते बोलावतानाच सांगा, पोर्क न खाणारी माणसं प्रत्येक घरात असतात आणि त्यांना पानावर बसल्यावर कळणं बरोबर नाही.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस टिकतं, गरम करताना तव्यावर व्हिनेगर सॉसचा शिपका मारून झाकण. आणि फऱ्याचं हाड टाकू नका. दुसऱ्या दिवशी अख्खा मसूर लावताना ते हाड सुरुवातीपासून भांड्यात सोडा, मंद आचेवर, तासभर. धूर सगळा मसुरात उतरतो.